जमीन देशाची, हरीण राज्याचं

अमेरिकेच्या पश्चिमेकडे म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीसाठी पहिल्यांदाच परराज्यात निघालेला माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो : ‘जंगल केंद्र सरकारचं, कर मीही भरतो, मग त्यातल्या हरणावर माझाही तेवढाच हक्क. ऑक्टोबरात जाऊ आणि तिथल्याच दुकानातून परवाना घेऊ.’ कितीही वेळा खोडून काढा, हा समज काही मरत नाही.

राष्ट्रीय वनात कोणीही फिरावं, तंबू ठोकावा. पण तिथे चरणारं हरीण राज्याच्या अखत्यारीत येतं आणि राज्य आपल्या रहिवाशांना झुकतं माप देतं. हे ज्यांना अन्यायाचं वाटलं, ते कोर्टातही जाऊन आले. मोंटानात एल्कच्या शिकारीसाठी रहिवाशाला ९ डॉलर पडत, बाहेरच्याला २२५. त्याविरुद्धचा ‘बाल्डविन’ खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली निकाल राज्याच्या बाजूने लागला. २००५ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून राज्यांचा हा अधिकार पुन्हा अधोरेखित केला. आता आणखी काय पुरावा हवा?

शिवाय हे परवाने बहुधा सोडतीने वाटले जातात. न्यू मेक्सिकोच्या सोडतीत ८४ टक्के परवाने रहिवाशांचे, १० टक्के व्यावसायिक गाइडशी करार केलेल्यांचे. गाइडशिवाय येणाऱ्या परराज्यातल्या शिकाऱ्याला उरतात ६ टक्के. कोलोरॅडोत शरद ऋतूतल्या शिकारीच्या मुख्य सोडतीची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. वायोमिंगमधल्या केंद्राच्या ‘विल्डरनेस’ क्षेत्रात पाहुण्याने खुशाल भटकावं. हरीण मारायचं असेल तर मात्र सोबत परवानाधारक गाइड किंवा नियमानुसार स्थानिक रहिवासी हवा.

आणखी काही समज :

‘सोडतीत नंबर न लागलेल्या वर्षांचे पॉइंट साठवले की नंबर लागतोच.’ नेवाडात पॉइंटमुळे फक्त सोडतीतली शक्यता वाढते, हमी मिळत नाही. न्यू मेक्सिकोत पॉइंट ही भानगडच नाही.

‘ऑगस्टमध्ये दिसलेलं हरीण नोव्हेंबरातही तिथेच असेल.’ वायोमिंगमधले काही कळप रेड डेझर्ट ते होबॅक असं सुमारे २४० किलोमीटर स्थलांतर करतात.

‘अख्खं धूड गाडीत टाकून घरी नेऊ.’ हरणांच्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’मुळे अनेक राज्यांत मेंदू आणि पाठीचा कणा आणायला बंदी आहे. या रोगाचे प्रिऑन (रोगकारक प्रथिनं) शिजवूनही नष्ट होत नाहीत. हाडं काढून मांस न्यावं आणि खाण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी.

‘एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला बंदूक हाताळताच येत नाही.’ केंद्रीय कायद्यात बंदी आहे हे खरं, पण वैध शिकार परवाना असणाऱ्याला त्यातून सूट आहे. राज्याचे नियम मात्र वेगळे तपासावेत.

तेव्हा हिवाळ्यातच राज्य निवडा, तिथल्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा आणि मुदतीत अर्ज भरा. विमानाचं तिकीट परवाना हाती पडल्यावरच काढा.