गावशाळांचा मराठवाडा : लेखांक ६
प्रशाला कोणाची? जिल्हा परिषदेची!

सातारा-सांगलीकडच्या खेड्यात हायस्कूलची चौकशी केली, तर लोक आधी संस्थेचे नाव घेतात. नांदेड-लातूरकडच्या मोठ्या गावात मात्र उलट प्रश्न येतो, ‘कोणती शाळा? परिषदेची का संस्थेची?’ पाचवी किंवा आठवीपासून दहावीपर्यंतची जिल्हा परिषदेची प्रशाला हे इथल्या गावगाड्याचे जुने अंग आहे. पश्चिम महाराष्ट्रात प्राथमिक शाळा परिषदेची आणि माध्यमिक शाळा संस्थेची, अशी सर्वसाधारण वाटणी झाली. इथे तशी ती झाली नाही, याचे कारण इतिहासात आहे.

१७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नकाशाही आजचा नव्हता. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदर जिल्ह्यात. किनवट आदिलाबादेत होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हे तालुके मराठवाड्याला जोडले गेले आणि लातूर स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडले. संस्थानात शाळांची उतरंड तहतानिया, वस्तानिया, फोकानिया अशी होती. वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू. मराठी, तेलुगू किंवा कन्नड घरातल्या मुलाला मॅट्रिक गाठायची तर ती परक्या भाषेतून, आणि तीही बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी राहून.

खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. तरीही अंबाजोगाईला १९१७ साली योगेश्वरी आणि हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवत होते. पुढे १९३८ साली ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व एका शिक्षकाकडे जावे, यात नवल नाही. मराठवाड्यात शाळा हीच पहिली राजकीय मागणी होती.

पण भाऊराव पाटलांनी १९१९पासून रयत शिक्षण संस्थेतून जे जाळे विणले, तसे विणायला इथे ना मोकळीक होती ना पैसा. म्हणून मुक्तीनंतर ही जबाबदारी सरकारलाच उचलावी लागली. नांदेडच्या वजिराबादेत आजही ‘मल्टीपर्पज’ नावाने ओळखली जाणारी परिषदेची शाळा आहे. शेती, व्यापार, तांत्रिक विषय शिकवणाऱ्या बहुउद्देशीय शाळा काढाव्यात, ही मुदलियार आयोगाची १९५३ची शिफारस त्या नावात टिकून राहिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि मराठवाड्यातल्या सरकारी शाळा त्यांच्या पदरात पडल्या. परिषदेच्या बैठकांत ‘निजामकालीन शाळाखोल्या’ हा विषय अजून निघतो. खोल्यांचे वय त्या शब्दांतच आले.

प्रशालेत प्रवेश परीक्षा नसते, देणगी नसते. गावातले आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरचे जे मूल दाराशी येईल, ते घ्यायचे. देगलूर, बिलोलीच्या बाजूला वर्गातल्या काही पोरांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. किनवट, माहूरकडे गोरमाटी, गोंडी आणि कोलामी. फळ्यावरच्या मराठीशी त्यांची ओळख मास्तरच करून देतात. गावातले पाचवीचे एखादे चुणचुणीत पोरगे बिलोली तालुक्यातल्या शंकरनगरच्या नवोदयची परीक्षा देते आणि सहावीला तिकडे जाते. नवोदयला त्या वर्गात सारा जिल्हा मिळून जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतात. उरलेल्यांतली अनेक प्रशालेत येतात. राहणे-खाणे फुकट असलेली निवासी शाळा निवडक मुलांना मिळावी हे चांगलेच. पण दोन्ही शाळा सरकारी तिजोरीकडेच बघतात, नवोदय केंद्राच्या तर प्रशाला राज्याच्या, आणि त्यांच्या विज्ञानाच्या खोल्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर हिशेब सरळ लागत नाही.

दसरा झाला की हजेरीपटाचा रंग बदलतो. मुखेड, कंधार, जळकोटकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. आजी घरी असेल तर पोर मागे राहते, नसेल तर कोयत्याबरोबर जाते. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोगाची. टोळी निघून गेल्यावर नव्हे. नववीतली मुलगी एकदा फडावर गेली, की परत बाकावर येईल याची खात्री शिक्षक देत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. गळती जिथे सर्वांत धोक्याची, नेमक्या त्या दोन वर्गांत कायदा हात सोडतो, हे या व्यवस्थेतले सर्वांत मोठे भगदाड आहे.

मुलींसाठी मोठा आधार निळ्या बसचा. मानव विकास कार्यक्रमातल्या या गाड्या सकाळी फाट्याफाट्यावर थांबतात. दप्तर पोटाशी धरून पोरी उभ्यानेच येतात. गाडी नादुरुस्त झाली की त्या दिवशी अर्धा बाक रिकामा. घरचे ‘चालत जा’ म्हणत नाहीत, ‘राहू दे आज’ म्हणतात.

आणि मास्तर? शिक्षकांची पदे पटावरून ठरतात. पट घसरला की पद जाते, पद गेले की गणित-विज्ञान दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडते आणि ते पाहून पालक पोराला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात. पट आणखी घसरतो. हे चक्र तोडायचे तर पदे पटाआधी भरावी लागतील.

लातूर पॅटर्नचे कौतुक राज्यभर झाले; राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची नावे घराघरांत गेली. ते यश खरे आहे, कष्टाचेही आहे. पण त्याची सुरुवात अकरावीपासून सांगितली जाते. त्या वर्गांत बसणारी खेड्यातली मुले दहावीचा अर्ज लातूर विभागीय मंडळाकडे भरून आलेली असतात आणि त्यांतल्या कितीतरी अर्जांवर शिक्का जिल्हा परिषदेच्या प्रशालेचा असतो. गुणवंतांच्या सत्काराला त्या मुख्याध्यापकांनाही व्यासपीठावर बोलवायला हवे.

पुढच्या भागात किनवट-माहूरच्या डोंगरातल्या आश्रमशाळा.