‘एडिसनला काय, सगळे आपलेच!’ : एक महागडा गैरसमज

न्यू जर्सीत दुकान टाकायचं, खानावळ काढायची किंवा घरून डबे सुरू करायचे म्हटलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘एडिसनला काय, सगळे आपलेच!’ पुण्यातले काका हे फोनवर सांगतात आणि इथे वीस वर्षं राहिलेली माणसंही मान डोलावतात. या एका वाक्यात तीन गृहीतं दडलेली आहेत. गाव आपलं, गिऱ्हाईक आपलं आणि म्हणून नियमही आपल्यापुरते सैल. तिन्ही चूक आहेत. त्यांच्या भरवशावर लोक आयुष्यभराची बचत दुकानाच्या गाळ्यात घालतात आणि मग नशिबाला बोल लावतात. दोष नशिबाचा नसतो, ऐकीव माहितीचा असतो.

गैरसमज : एडिसन आपलं आहे, तिथे सगळं जमतं

वस्तुस्थिती : आधी भूगोल नीट करू. ज्याला आपण सरसकट ‘एडिसन’ म्हणतो ते गाव मिडलसेक्स काउंटीतलं आहे. २०२०च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या ८,६३,१६२ होती. तिच्यात २५ स्वतंत्र स्थानिक संस्था आहेत आणि प्रत्येकीचा महापौर किंवा अध्यक्ष, कौन्सिल आणि नियमांचं पुस्तक वेगळं. एडिसन ही त्यांतली एक टाउनशिप. १९५४पर्यंत तिचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिच्या हद्दीत होती, म्हणून नाव बदललं.

साड्या, सोनं आणि चाट यांसाठी प्रसिद्ध असलेला ओक ट्री रोड दोन टाउनशिपांतून जातो. याच रस्त्यावरचं आयझेलिन हा वुडब्रिज टाउनशिपचा भाग आहे, त्याला स्वतःची नगरपालिका नाही. रस्त्याने सरळ चालत गेलात तर दुकानं तशीच दिसतात, पाट्या तशाच, तळणीचा वासही तोच. पण मध्येच कुठेतरी तुम्ही वुडब्रिज सोडून एडिसनमध्ये शिरलेले असता. तिथून पाटी किती मोठी असावी, पार्किंगच्या जागा किती हव्यात, स्वयंपाकघर कोण तपासणार, या सगळ्याचं कार्यालय बदलतं. ‘शेजारच्याने असंच केलंय’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण शेजारी कदाचित दुसऱ्या गावात असतो.

आता ‘आपले’ कोण ते पाहू. २०१०च्या जनगणनेत एडिसनमध्ये भारतीय वंशाचे लोक सुमारे २८ टक्के होते. २०२०मध्ये तिथे आशियाई लोकांचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं, आणि बातम्या वाचून अनेकांनी ‘आशियाई’चा अर्थ ‘भारतीय’ असाच घेतला. त्यात चिनी आहेत, कोरियन, फिलिपिनो आणि पाकिस्तानी आहेत. भारतीयांत गुजराती, तेलुगू, पंजाबी, तमिळ, मल्याळी आहेत. मराठी माणूस त्यातला छोटा हिस्सा आहे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला भरलेलं सभागृह पाहून थालीपीठ-मिसळीचं हॉटेल काढणाऱ्याने लक्षात ठेवावं की ती गर्दी आसपासच्या अनेक काउंट्यांतून, वर्षातून एकदा आलेली असते. भाडं मात्र दर महिन्याला द्यायचं असतं.

एडिसनच्या बाहेर पाऊल टाका, चित्र आणखी बदलतं. संपूर्ण काउंटीत आशियाई साधारण चौथा हिस्सा आहेत, लॅटिनो पाचात एकाहून जास्त, आणि कोणत्याही एका गटाला बहुमत नाही. साधारण तीनातला एक रहिवासी अमेरिकेबाहेर जन्मलेला आहे. पर्थ अँबॉयमध्ये बहुसंख्य लोकांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. न्यू ब्रुन्सविकमध्ये मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातून आलेल्यांची मोठी वस्ती आहे.

हे आकडे डोळ्यांनी पाहायचे असतील तर शनिवारी दुपारी कोणत्याही भारतीय किराणा दुकानात जा. गल्ल्यावरच्या बाई गुजरातीत हिशोब सांगतात. मेथीच्या जुड्या पाणी मारून रचणारा मुलगा मागच्या दाराशी स्पॅनिशमध्ये बोलतो. कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्यांच्या ढिगाशी भारतीय कुटुंब उभं असतं तसंच मेक्सिकन कुटुंबही, कारण दोघांच्या स्वयंपाकाला त्या रोज लागतात. ज्या दुकानदाराला हे दिसतं त्याचं दुकान मंगळवारीही चालतं. बाकीचे शनिवार-रविवारच्या कमाईवर सात दिवसांचं भाडं काढायचा प्रयत्न करत राहतात.

राहिला प्रश्न ‘गाव आपलं’ असण्याचा. तो हक्क कोणी आयता दिलेला नाही. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इंजिनिअर, डॉक्टर आणि औषध कंपन्यांतले शास्त्रज्ञ या भागात आले. १९७१मध्ये मेट्रोपार्क स्थानक सुरू झाल्यावर न्यूयॉर्कला रोज जा-ये करणं सोपं झालं. ओक ट्री रोडवरचे रिकामे पडत चाललेले गाळे भारतीय व्यापाऱ्यांनी घेतले. याच काळात जवळच्या हडसन काउंटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने भारतीयांना हुसकावून लावण्याची जाहीर धमकी दिली होती. १९८७मध्ये होबोकनला नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली, त्यात त्याचा मृत्यू झाला. १९९०च्या दशकात एडिसनमधल्या नवरात्रीच्या गरब्यावरून टाउनशिप आणि आयोजक फेडरल कोर्टापर्यंत गेले. २०१०मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकातल्या एका स्तंभात एडिसनमधल्या भारतीयांची टिंगल झाली, नियतकालिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०१७च्या शालेय मंडळाच्या निवडणुकीत चिनी आणि भारतीय वंशाच्या दोन उमेदवारांना देशाबाहेर काढा असं सांगणारी पत्रकं घरोघरी टपालाने गेली. सॅम जोशी एडिसनचे पहिले भारतीय वंशाचे महापौर झाले ते जानेवारी २०२२मध्ये. कोर्टात भांडून, मतदान करून आणि दुकानं वर्षानुवर्षं नीट चालवून ही जागा मिळाली आहे.

आणि ‘आपण’ बहुसंख्य झालो म्हणजे वाटेल ते करू, असा समज असेल तर त्याच वर्षीचा ऑगस्ट आठवा. भारताच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त निघालेल्या मिरवणुकीत नरेंद्र मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं लावलेला बुलडोझर फिरवण्यात आला. भारतात मुस्लिमांची घरं पाडण्याशी जोडलं गेलेलं ते यंत्र इथल्या भारतीय मुस्लिमांना काय सांगत होतं, ते समजावून द्यायची गरज नव्हती. एडिसन आणि वुडब्रिजच्या दोन्ही महापौरांनी निषेध केला. आयोजक होती भारतीय व्यावसायिकांची संघटना, तिला लेखी माफी मागावी लागली. ओक ट्री रोडवर खरेदीला येणाऱ्यांत भारतीय मुस्लिम आहेत, पाकिस्तानी आहेत, बांगलादेशी आहेत. ज्यांच्या पैशावर दुकान चालतं त्यांनाच दुखावणं ही माणुसकीची चूक आहे आणि धंद्याचीही.

गैरसमज : आपलं दुकान, आपलं घर, मग आपल्याच माणसाला ठेवू

वस्तुस्थिती : हा पहिल्या गैरसमजाचाच जुळा भाऊ, आणि कायद्याने सर्वांत धोक्याचा. ‘फक्त इंडियन मुलगी पाहिजे’, ‘घर फक्त हिंदू कुटुंबाला’ असे संदेश व्हॉट्सॲप गटांवर बिनदिक्कत फिरतात. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा १९४५चा आहे. वंश, धर्म, मूळ देश पाहून नोकरी नाकारायला तो मनाई करतो आणि या बाबतीत दोन नोकरांचं दुकानही त्यातून सुटत नाही. भाड्याच्या घरालाही फेडरल आणि राज्य असे दोन्ही कायदे लागू होतात. घरमालक स्वतः राहत असलेल्या छोट्या घराला काही सवलती आहेत, पण भेदभाव करणारी जाहिरात त्यात बसत नाही. गटावरचा तो संदेश म्हणजे तुमच्याच हाताने लिहून दिलेला पुरावा. जी माणसं १९८७ची आणि २०१७ची चीड आजही बोलून दाखवतात, त्यांनी दुसऱ्याला दारातून परतवावं हे मनाला पटत नाही.

गैरसमज : घरून डबे द्यायला कोणाची परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : लागते. आणि पोळी-भाजीच्या डब्याला घरच्या स्वयंपाकघरातून ती मिळतच नाही. न्यू जर्सीने ऑक्टोबर २०२१मध्ये, देशातल्या सगळ्या राज्यांत शेवटी, घरी केलेले पदार्थ विकायला वाट करून दिली. त्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत हवी, पदार्थ फ्रिजशिवाय सुरक्षित टिकणारे हवेत, वेष्टनावर घटक आणि ‘घरच्या स्वयंपाकघरात तयार’ ही सूचना हवी, आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. किराणा दुकानात ठेवायचा नाही, टपालाने पाठवायचा नाही. केक, बिस्किटं, ब्रेड मंजूर यादीत आहेत. दिवाळीच्या कोरड्या फराळातलं काय बसतं ते अर्ज करतानाच खात्याला विचारून घ्यावं. वरण-भात, रस्सा, पनीर, उकडीचे मोदक या परवान्यात बसत नाहीत. ते विकायचे तर परवाना असलेलं व्यावसायिक स्वयंपाकघर तासांवर भाड्याने घ्यावं लागतं.

याहून गंभीर बाब व्हिसाची. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीकडे कामाची परवानगी, म्हणजे ‘ईएडी’, नसेल तर डबे विकणं हे विनापरवाना काम ठरू शकतं. एच-४ धारकांना ही परवानगी मे २०१५पासून मिळू लागली, पण सगळ्यांना नाही. ती जोडीदाराच्या ग्रीन कार्डच्या टप्प्यावर अवलंबून असते. ‘सगळ्या तर करतात’ या सल्ल्यावर कोणी आपल्या कुटुंबाचं ग्रीन कार्ड धोक्यात घालू नये. सल्ला देणारी मैत्रीण इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे तुमच्या बाजूने उभी राहणार नसते.

थोडक्यात आणखी काही

*‘एलएलसी काढली, म्हणजे धंद्याची परवानगी मिळाली.’* नाही. एलएलसीची नोंद राज्याकडे होते. एकट्याच्या किंवा भागीदारीच्या धंद्याचं व्यापारी नाव काउंटी क्लार्ककडे नोंदवतात. त्या विशिष्ट गाळ्यात तो विशिष्ट धंदा चालेल का, हे टाउनशिपचं झोनिंग कार्यालय ठरवतं. भाडेकरारावर सही त्यानंतर.

*‘त्या हॉटेलात दारू नाही, म्हणजे मालक सोवळ्यातला.’* बहुतेकदा कारण लायसन्सचं असतं. न्यू जर्सीत बार-हॉटेलांची लायसन्स साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक इतकीच असतात, त्यामुळे ती अतिशय महाग विकली जातात. म्हणूनच अनेक ठिकाणी गिऱ्हाईक स्वतःची वाइन किंवा बिअर घेऊन येतं.

*‘इथे सगळ्यावरच टॅक्स.’* विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. साडीवर आणि बहुतेक किराणा मालावर तो नाही. सोन्याच्या दागिन्यांवर आणि हॉटेलच्या थाळीवर आहे.

*‘मालमत्ता कर घरमालक भरेल, आपण भाडेकरू.’* व्यापारी गाळ्यांचे करार अनेकदा ‘ट्रिपल नेट’ असतात. त्यात कर, विमा आणि देखभाल भाडेकरूच्या माथी येते. हे राज्य देशात सर्वाधिक मालमत्ता कर असलेल्यांपैकी आहे. घरांचं सरासरी बिल २०२४मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेलं.

*‘घरचेच आहेत, रोख देऊ काहीतरी.’* १ जानेवारी २०२५पासून बहुतेक नोकरांचं किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, आणि भारतातून आलेला लांबचा भाचाही कायद्यापुढे नोकरच.

मग करायचं काय?

गाळा पाहिलात की प्रथम तो कोणत्या टाउनशिपमध्ये आहे ते पत्त्यावरून नव्हे, टाउनशिपच्या कर-नोंदीवरून पक्कं करा. टपालाच्या पत्त्यात ‘एडिसन’ असलं तरी हद्द दुसरी निघू शकते. मग झोनिंग अधिकाऱ्याला लेखी विचारा. न्यू जर्सी स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर्स या संस्थेचे सल्लागार मोफत भेट देतात, त्यांच्यासमोर हिशोब मांडा.

झोनिंगमधून सवलत मागावी लागली तर कायद्याने तुमच्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस पाठवावी लागते. ही नावांची यादी टाउनशिपकडून मिळते. ती हातात आली की बसून एकेक नाव वाचा. पटेल आणि राव असतील, तसेच कोवाल्स्की, चेन, रॉड्रिगेझ आणि खानही असतील. रहदारी वाढेल, रात्री तळणीचा वास येईल, कचऱ्याचा डबा कुठे ठेवणार, असे प्रश्न त्यातला कोणीही सुनावणीत उभा राहून विचारू शकतो, आणि झोनिंग मंडळाला ते ऐकावे लागतात. नोटीस टाकून गप्प बसू नका. सुनावणीआधी त्यांच्या दारात जा, नकाशा दाखवा, त्यांच्या शंका ऐका आणि जिथे शक्य असेल तिथे आराखडा बदला. उद्या हेच शेजारी असणार आहेत आणि त्यांतले बरेच गिऱ्हाईकही. ते काम ‘सगळे आपलेच’ म्हणून होत नाही, दार वाजवून करावं लागतं.