आजीची सायंकाळ

पुण्यांत शाळेच्या दारीं नातवाचें दप्तर घेऊन उभे असलेले आजोबा दिसले, कीं आम्हांस रँग्लर परांजपे यांचें स्मरण होतें. त्यांची नात सई परांजपे त्यांच्याच छत्राखालीं वाढली. १९४४ ते १९४७ या काळांत ते ऑस्ट्रेलियांत हिंदुस्थानचे हायकमिशनर होते, तेव्हांही ती त्यांच्याजवळ होती. परंतु नातीबरोबर त्यांस स्वतःचें कार्यही होतें. सामान्य घरांतील आजीचें काय?

आमच्याच घरची गोष्ट. नातू झाला आणि आमच्या कुटुंबाचें सायंकाळचें भजन सुटलें. ‘नातू म्हणजे दुधावरची साय’ असें आम्हीच तिला ऐकवीत होतों. एके दिवशीं सूनबाईनें विचारलें, “आई, मैत्रिणींस भेटून किती दिवस झाले?” आजीच्या डोळ्यांत पाणी आलें. हा प्रश्न आम्हांस सुचला नाहीं, याची आम्हांस लाज वाटली. आतां आठवड्यांतून तीन सायंकाळीं नातवास आम्ही सारसबागेंत नेतों. आजी भजनास जाते.

२००७ च्या कायद्यानें सज्ञान नातवंडांवरही आजीआजोबांच्या निर्वाहाचा भार ठेविला आहे. पण विसावा कायद्यानें मिळत नाहीं. तो घरांतूनच मिळावा लागतो. वाचकहो, आपल्या घरीं आजीस ‘दमलांत का?’ असें आज कोणी विचारलें काय?