मॉनिटरचा टीव्ही करताना…

घरात पडून असलेला संगणकाचा मॉनिटर सेट-टॉप बॉक्सला जोडला, की एचडी टीव्ही तयार. मात्र आधी एवढं तपासा :

● जोडणी : दोन्हीकडे एचडीएमआय असेल, तर एक केबल पुरते. मॉनिटरला डीव्हीआय असेल, तर एचडीएमआय-डीव्हीआय केबल लागते. जुन्या व्हीजीएसाठी कन्व्हर्टर हवा.

● आवाज : अनेक मॉनिटरना स्पीकर नसतात. बॉक्सच्या ऑडिओ आउटला वेगळे स्पीकर जोडा.

● पडदा काळाच? एचडी वाहिन्यांना ‘एचडीसीपी’ हे कॉपीविरोधी कुलूप असतं. जुन्या मॉनिटरकडे त्याची किल्ली नसेल, तर चित्र उमटत नाही. केबल बदलून उपयोग नाही.

● काळ्या पट्ट्या : फुल एचडी चित्र १९२० × १०८० ठिपक्यांचं असतं. १९२० × १२०० च्या मॉनिटरवर वर-खाली ६०-६० ओळी रिकाम्या राहतात. चित्र ताणून त्या भरू नका. चेहरे लांबट दिसतात.

● हिसके : आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, तर बहुतेक मॉनिटर ६० चे. त्यामुळे बातम्यांची सरकती पट्टी अडखळते. मॉनिटर ५० हर्ट्झ स्वीकारत असेल, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये तेच ठेवा.

● अंतर : २४ इंची मॉनिटरवर एचडीचा बारकावा साधारण तीन फुटांपर्यंतच जाणवतो. म्हणजे हा टीव्ही एकट्या-दुकट्याचा, अख्ख्या घराचा नव्हे!