३१ मे आणि बारवीचें पाणी

दरवर्षीं मे महिन्याच्या अखेरच्या दिवशीं आपल्या राज्यांतील कचेऱ्यांतून, शाळांतून व नगरपालिकांतून निरोपसमारंभांची एकच दाटी उडते. शाल, श्रीफळ, दोनचार भाषणें, आणि सत्कारमूर्ति घरची वाट धरते. असे निरोप इतर महिन्यांतही होतातच. परंतु ३१ मेची ती गर्दी पाहून एखाद्या परस्थास वाटावें कीं, महाराष्ट्रांतील निम्मीं माणसें जून लागतांच जन्मास आलीं कीं काय!

या कोड्याची उकल आमच्याच पेशापाशीं आहे. पूर्वीं मुलास शाळेंत घालावयास येणाऱ्या आईबापांस बहुधा त्याची जन्मतारीख ठाऊक नसे. शाळा जूनमध्यें सुरू होई, आणि मूल प्रवेशाच्या वयाचें भरलें पाहिजे असा नियम. तेव्हां गुरुजी मुलाच्या अंगलटीकडे पाहून वर्ष ठरवीत आणि पुढें '१ जून' लिहून मोकळे होत. राज्य सरकारचा नोकर वयाच्या ५८ व्या वर्षीं, चतुर्थ श्रेणींतील असल्यास ६० व्या वर्षीं, महिनाअखेर निवृत्त होतो. आणि ज्याचा जन्म पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशींच सुटतो. अशा रीतीनें गुरुजींच्या टांकाचा एक फटकारा पन्नास वर्षांनीं सरकारच्या दारीं उमटतो. आमच्या घरीं घटकापळांसह मांडलेली पत्रिका होती व तींत मार्गशीर्ष स्पष्ट होता. परंतु आम्हांस शाळेंत पोंचविणाऱ्या काकांस तिची आठवण झाली नाहीं, आणि म्हणून आम्हीही ३१ मे रोजींच श्रीफळ घेऊन घरीं आलों. नोकरीच्या काळांत दाखल-खारीज रजिस्टर लिहितांना आम्हीं स्वतः ती तारीख किती मुलांच्या माथीं मारली, याचा हिशेब चित्रगुप्तच जाणे.

याचा बारवी धरणाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. बदलापुराजवळचें हें धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें. त्याचें पाणी बारवी नदीच्या वाटेनें उल्हास नदीस मिळतें, जांभूळ येथें उचलून शुद्ध केलें जातें, आणि अंबरनाथच्या कारखान्यांपासून उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणें येथपर्यंत लाखों लोकांच्या घरांत पोंचतें. ३१ मे रोजीं हें धरण वर्षांतील सर्वांत रित्या अवस्थेजवळ असतें, आणि त्यानंतर एकदोन आठवड्यांतच मृगाच्या सरी येतात. म्हणजे शिल्लक पाणी पुरवून पुरवून द्यावयाचे दिवस संपतात न संपतात, तोंच पुराकडे डोळे लावण्याचे दिवस सुरू होतात. आणि नेमक्या त्याच सांध्यावर कित्येक जाणतीं माणसें निघून जातात. धरणाचीं दारें पाणी ठराविक पातळीस आलें कीं आपोआप उघडतात हें खरें. परंतु नदीकांठच्या गांवांस इशारा देणें कांहीं आपोआप होत नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरांत अडकून पडली आणि हजारावर उतारूंस बोटींनीं बाहेर काढावें लागलें, हें येथील लोक विसरलेले नाहींत. ३१ मे आणि ती तारीख यांमध्यें अवघे आठ आठवडे!

सरकारी कामें माणसांवांचून अडल्याचे प्रसंग पूर्वींही आले. १९७७-७८ सालचा ५४ दिवसांचा संप जुन्या मंडळींस आठवत असेल. मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं झालेला संप तर कालपरवांचाच. परंतु संपावर गेलेला मनुष्य परत येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचें ज्ञानही परत येतें. निवृत्ताचें तसें नाहीं. अमेरिकेंत २०२५ सालीं सरकारनें नोकरांस स्वखुषीनें जाण्याची मुभा दिली व सुमारे दीड लाख लोकांनीं ती घेतली. तेथील हवामानखात्यांतून शेकडों माणसें गेलीं, कित्येक केंद्रांस आकाशांत रोज सोडावयाचे फुगे कमी करावे लागले, आणि त्याच वर्षीं पुन्हां शेकडों जागा भरण्याची परवानगी द्यावी लागली. ज्या खात्यानें वादळाची वर्दी द्यावयाची, तेंच आधीं रिकामें केलें! त्यांस निदान एवढें तरी म्हणतां येईल कीं, हें सारें अकस्मात् घडलें. आमच्या ३१ मेची वर्दी तर माणूस नोकरीस लागतो त्याच दिवशीं सेवापुस्तकांत लिहिलेली असते.

तीनचार वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या आळींत पाणी सोडणारे एक गृहस्थ होते. सारी आळी त्यांस मामा म्हणे. ते ३१ मे रोजीं निवृत्त झाले आणि त्यांच्या जागीं एक तरुण आला. कचेरी कोणती, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यास रीतसर चार्ज मिळाला, म्हणजे एक लोखंडी चावी, एक नोंदवही व व्हॉल्व्हांची यादी. चढावरच्या टोंकाचा व्हॉल्व्ह आधीं पाव फेरा उघडावयाचा, नळांत कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावयाचें आणि मगच खालचा सोडावयाचा, हें यादींत कोठेंही नव्हतें. पहिल्याच पहाटे त्यानें सारें एकदम उघडलें. उताराचा जुना सांधा फुटला, आणि पुढें आठ दिवस टँकरच्या पाण्यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं सत्तरीच्या वयांत दोन मजले कळशा चढविल्या. लोक त्या पोराला बोल लावीत होते. आम्हांस मात्र त्याची कींव आली.

वेदविद्या आपल्याकडे पोथी हातीं देऊन शिकविली जात नसे. गुरूनें एकदां म्हणावयाचें, शिष्यानें दोनदां, अशी संथा दिली जाई. पाणी सोडणें, पुराची नजर ठेवणें, दवाखान्यांत रात्रपाळी सांभाळणें, या विद्याही तशाच आहेत. मग ३१ मेस रिकामी होणारी जागा होळीच्या सुमारासच भरून नव्या माणसास अख्खा उन्हाळा जुन्याच्या मागें कां हिंडवूं नये? दोन पगार तीन महिने द्यावे लागतील, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. फुटलेल्या सांध्याचा व टँकरांचा खर्च कोणी त्याच्याशेजारीं मांडून पाहिला आहे काय? काटकसर करावयाचीच तर जेथें एक कागद पांच टेबलें फिरतो तेथें करावी; जो हात प्रत्यक्ष चावी फिरवितो तो रिकामा ठेवूं नये, आणि चारचार महिन्यांच्या कंत्राटावर बदलताही ठेवूं नये.

तो तरुण बारवीच्या पाण्याखालीं गेलेल्या एका गांवचा निघाला. धरणाची उंची वाढविल्यावर २०१९ सालीं तें प्रथमच नव्या पातळीपर्यंत भरलें, त्यांत गांवें उठलीं, आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील कित्येकांस महामंडळांत व आसपासच्या नगरपालिकांत नोकऱ्या मिळाल्या. त्यांतलाच हा एक. नवव्या दिवशीं तो स्वतःच मामांच्या घरीं गेला आणि त्यांस मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. मामांनीं आधीं चहा मागितला, मग मोरीच्या कठड्यावर बसून काठीनें एकेक झांकण दाखवीत राहिले, आणि पोरगा वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत राहिला. दुसऱ्या दिवशीं पाणी पावणेसहाला आलें.