इंजिन गरम, मग हीटर कोमट का?

हिवाळ्यात मनालीला गाडी घेऊन गेलेल्यांची एक तक्रार ठरलेली: हीटर पूर्ण सोडला तरी वारा कोमटच. पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर उष्णता तयार करत नाही, इंजिनाची उधार घेतो. इंजिनाभोवती फिरून तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं आणि पंखा त्यावरून हवा फुंकतो.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर. कूलंट साधारण ८०-९० अंशांना पोहोचेपर्यंत ही झडप पुढच्या मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती उघडीच अडकली, तर बंब पेटवून तोटी सोडून ठेवल्यासारखं होतं. पाणी तापायला सवडच मिळत नाही. खूण सोपी: गाडी वेगात असताना तापमानाचा काटा खाली उतरतो. हा सुटा भाग तसा स्वस्त असतो, बदलून टाकावा.

काटा जागेवर असेल, तर कूलंटची पातळी बघा. ते कमी झालं की हीटरच्या नळ्यांत हवा अडकते. मात्र इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, उसळून भाजतं. पातळीही ठीक असेल, तर हीटरला जाणाऱ्या दोन नळ्या मेकॅनिककडून तपासून घ्या. एक गरम, दुसरी गार असेल तर बहुधा हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये गाळ साचलाय.