जुना तंबोरा सुरात का लागत नाही?

आज हिशोबाच्या वहीऐवजी आपल्या भजनी मंडळाबद्दल बोलू या. काटोल, रामटेक, उमरेडकडच्या गटांत आम्ही बैठकीला जातो. बचत जमा झाली, सह्या झाल्या की बऱ्याच ठिकाणी पेटी, टाळ, खंजिरी बाहेर निघते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा हा मुलूख, इथल्या बाया भजनात मागे कशा राहतील! काही गटांकडे जुना तंबोराही असतो. कोणाच्या सासऱ्यांचा, कोणा गुरुजींनी दिलेला. पण तो गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवलेला. विचारलं तर उत्तर येतं, "ताई, तो सुरातच लागत नाही." आणि मग नवा घेण्याचा ठराव मांडला जातो.

नव्या तंबोऱ्याला हजारो रुपये पडतात. तारांचा नवा संच काहीशे रुपयांत येतो. म्हणून ठरावावर सह्या करण्याआधी जुन्याचं दुखणं नेमकं कुठे आहे, ते शोधायला हवं.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: एकच तार उतरते, की चारही एकदम? एकच उतरत असेल तर दोष त्या तारेत किंवा तिच्या खुंटीत आहे. चारही उतरत असतील तर हवामान, घोडी किंवा लाकडाचा सांधा पाहावा लागेल. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

आता तारा बघा. साधारणपणे पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे जोडाच्या, आणि शेवटची जाड पितळी तार खर्जाची. जुनी तार काळी पडते, गंजते, घोडीवर टेकते तिथे झिजते. मग तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि एका तारेतून दोन सूर निघाल्यासारखे होतात, आवाज हेलकावे खातो. अशी तार कितीही पिळली तरी सुरात येत नाही. ती बदलायचीच. मात्र एका वेळी एकच तार काढा. घोडी तारांच्या दाबाने जागेवर बसलेली असते. चारही तारा एकदम सोडल्या तर ती सरकते.

तार नवी आहे, तरी उतरते? मग खुंटी बघा. आपल्या नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. लाकूड सुकून आकसतं आणि खुंटी ढिली होते. उन्हाने तारही थोडी प्रसरण पावते, सूर खाली येतो. पावसाळ्यात उलट होतं. लाकूड फुगतं, खुंटी अडकून बसते. ढिल्या खुंटीला फळ्यावरचा खडू चोळा आणि फिरवताना आतल्या बाजूला दाबत फिरवा. अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण अगदी थोडा लावा, वरून खडू. तेल मात्र कधीच नको. आणखी एक, तंबोरा कूलरच्या झोतात ठेवू नका. ओली हवा आणि कोरडी हवा यांच्या आलटून-पालटून माऱ्याने लाकडाचे सांधे सुटतात.

घोडीच्या खाली तारांत मणी असतात. ते शोभेचे नाहीत, बारीक सूर लावायला आहेत. मणी तळाकडे सरकवला की सूर किंचित चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीने सूर लावताना मणी मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा राहते.

सूर बरोबर आहे, पण आवाज ठोकळ्यासारखा येतो, गुंजत नाही? मग जवारीचा दोरा बघा. घोडीवर तारेखाली सुती धागा असतो. तो अगदी हळू मागेपुढे केला की एका जागी आवाज खुलतो. धागा मळला असेल तर नवा घाला. धाग्यानेही काम झालं नाही, तारांनी घोडीवर खाचा पाडल्या असतील, तर जवारी कारागिराकडूनच काढून घ्या. घरी सँडपेपर लावू नका. भोपळा आणि वरची तबलीही बोटाने हलकी ठोकून पाहा. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वरचं सगळं ठीक असूनही कित्येक गटांत तारा तुटत राहतात. कारण तंबोरा पुरुषांच्या मापाचा असतो, लांब आणि जाड तारांचा. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक, काळी दोन असा असतो. बायांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. काळी एक ते काळी चार म्हणजे षड्जापासून पंचमापर्यंतची चढण. तीच तार तेवढी चढवायची तर तिच्यावरचा ताण सव्वा दोन पट होतो. तार तुटणार नाही तर काय! सूर ठरतो तीन गोष्टींवर: तारेची लांबी, जाडी आणि ताण. ऑर्केस्ट्रातल्या मुलांच्या बेस गिटारलाही हाच नियम आहे. लांबी आपण बदलू शकत नाही, पण जाडी बदलू शकतो. सुमारे दोन तृतीयांश जाडीची तार लावली तर वरच्या सुरातही ताण पहिल्याइतकाच राहतो. दुकानात घोडीपासून वरच्या आडीपर्यंतची लांबी मोजून न्या आणि सांगा, "आमचा षड्ज काळी चार आहे."

हे न कळल्यामुळे आपल्या बाया वर्षानुवर्षं पेटीवाल्या दादांच्या पट्टीत गातात. खाली आवाज लागत नाही, वर ताणून घसा बसतो, आणि मग "बायांचा गळाच बेसूर" हे ऐकावं लागतं. आम्ही सांगतो, गळा बेसूर नसतो, पट्टी परकी असते. आधी आपली पट्टी ठरवा, मग वाद्य तिला लावा. पेटीही एकदा मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर तपासा. धूळ आणि गंजाने तिचेही सूर सरकतात.

एवढं करूनही दोष राहिला तर कारागीर गाठा. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवले आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांत पिकतात. म्हणजे वाद्याची सुरुवात आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या वावरात होते. नीट राखलेला तंबोरा एका पिढीकडून दुसरीकडे जातो, म्हणून जुना म्हणून तो टाकू नका.

पुढच्या बैठकीत असं करा. एकीने तारा बघायच्या, एकीने खुंट्या, एकीने घोडी आणि धागा, एकीने भोपळा. सापडलेला दोष आणि त्याचा खर्च इतिवृत्तात लिहा. मग जोडाच्या तारा पेटीच्या षड्जाला, नंतर खर्ज, शेवटी पंचम असं लावून पाहा. त्यानंतरच नव्याचा ठराव घ्यायचा की नाही, ते ठरवा. तुमच्या मंडळाची पट्टी कोणती निघाली, ते आम्हाला जरूर कळवा. रामराम.